कोर्टाचं वॉरंट निघालंय का, हे कसं शोधायचं आणि ते रद्द कसं करून घ्यायचं

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ माझ्याकडे आले. पंचावन्नच्या पुढचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. गावाकडच्या पतसंस्थेचं कर्ज थकलं होतं, संस्थेला दिलेला चेक वटला नव्हता आणि संस्थेनं तालुक्याच्या कोर्टात केस घातली होती. समन्स गावच्या जुन्या घरी गेलं. हे तोवर मुलाकडे पिंपरीला राहायला आले होते. मग एक दिवस भावाचा फोन आला, "पोलीस तुला विचारत आले होते, पकड वॉरंट आहे म्हणाले." त्या फोननंतर हा माणूस दीड महिना गावाकडे फिरकला नाही. आईच्या श्राद्धालासुद्धा नाही. दारावरची बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसायचे, असं त्यांच्या मुलानं सांगितलं.

माझ्याकडे आल्यानंतर चौथ्या दिवशी आम्ही त्या कोर्टात उभे राहिलो आणि दुपारच्या सुट्टीच्या आत वॉरंट रद्द झालं. केस संपली नाही, ती पुढे रीतसर चालली. पण ती दीड महिन्याची भीती एका सकाळीत संपली. फौजदारी कोर्टातल्या वकिलीत हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की त्या दीड महिन्यात अडकलेल्यांसाठी हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं. अमेरिकेतल्या बातम्यांत ज्याला 'बेंच वॉरंट' म्हणतात, तेच हे. तारखेला हजर न राहिलेल्या माणसाला आणण्यासाठी न्यायाधीशांनी काढलेला हुकूम. मी लिहितोय ते महाराष्ट्रातल्या कोर्टांपुरतं.

आधी कागद ओळखा

कोर्ट माणसाला पायरीपायरीनं बोलावतं. पहिलं समन्स: अमुक तारखेला हजर राहा. समन्स पोहोचूनही माणूस आला नाही तर जामीनपात्र वॉरंट, कोर्टाच्या बोलीत 'बीडब्ल्यू'. त्यावर किती रकमेचा आणि किती जामीनदारांचा जामीन घ्यायचा हे लिहिलेलं असतं. पोलीस येतात, तुम्ही तेवढा जामीन लिहून देता आणि ठरल्या तारखेला कोर्टात जाता. त्यानंतर अजामीनपात्र वॉरंट, म्हणजे 'एनबीडब्ल्यू'. लोक यालाच पकड वॉरंट म्हणतात. हे असलं की पोलिसांना सोडून देण्याचा अधिकार नसतो, कोर्टापुढे उभं करावंच लागतं. त्याच्याही पुढची पायरी फरारी जाहीरनाम्याची. त्यात हजर होण्यासाठी किमान ३० दिवस दिलेले असतात, आणि मालमत्तेवर जप्तीही येऊ शकते. हजर न राहणं हा तिथून पुढे स्वतंत्र गुन्हा होतो, भारतीय न्याय संहितेच्या कलम २०९ खाली. म्हणून जाहीरनाम्यापर्यंत गोष्ट जाऊ द्यायची नाही.

सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात हीच चढण सांगितली: आधी समन्स, मग जामीनपात्र, आणि कोर्टाची खात्री पटली की माणूस मुद्दाम टाळतोय, तरच अजामीनपात्र. तुमच्या प्रकरणात एखादी पायरी गाळली गेली असेल, समन्स पोहोचल्याचा कागदच नसेल, तर रद्द करण्याच्या अर्जात तो तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा ठरतो.

तीन गैरसमज इथेच दूर करतो, कारण त्यांच्यामुळे फार नुकसान होतं.

पहिला म्हणजे "माझा गुन्हा जामीनपात्र आहे, मग मला पकडतील कसे?" चेक न वटण्याचा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा गुन्हा जामीनपात्रच आहे. तरीही त्यात अजामीनपात्र वॉरंट निघतं, आणि रोज निघतं. गुन्ह्याचा प्रकार वेगळा, वॉरंटचा प्रकार वेगळा.

दुसरा गैरसमज, "जुनं झालं, आता ते बाद झालं असेल." वॉरंट आपोआप बाद होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ७२ (आधीच्या, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ७० होतं) सांगतं की काढणाऱ्या कोर्टानं रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते जिवंत राहतं. दहा वर्षांपूर्वीचंही.

तिसरा, "मी आता दुसऱ्या जिल्ह्यात राहतो." वॉरंटची बजावणी भारतात कुठेही होऊ शकते.

आणि पोस्टमन समन्स घेऊन आला की "इथे राहत नाही म्हणून सांग" असं घरच्यांना सांगणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चेकच्या केसमध्ये पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा आला, तर कोर्ट समन्स बजावलं गेलं असं धरू शकतं. नकार देऊन तारीख टळत नाही, फक्त तुम्हाला ती कळत नाही.

शोध कुठून सुरू करायचा

पहिली जागा ई-कोर्ट्स, म्हणजे कोर्टांतल्या केसची माहिती देणारी सरकारी ऑनलाइन सेवा. त्याचं संकेतस्थळ आहे आणि मोबाइल ॲपही आहे. दोन्ही मोफत, आणि तिथे शोध घेतल्याचं पोलिसांना कळत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण बरेच जण याच भीतीनं शोधतच नाहीत.

तुमच्याकडे केसचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असेल तर काम एका मिनिटाचं. महाराष्ट्रातल्या कोर्टांचा सीएनआर इंग्रजीतल्या 'एमएच' अक्षरांनी सुरू होतो, आणि तो समन्सवर किंवा जुन्या नकलेवर सापडतो. क्रमांक नसेल तर 'केस स्टेटस' मध्ये जा, राज्य, जिल्हा आणि मग न्यायालय संकुल निवडा. इथे लोक हमखास चुकतात. जिल्हा निवडला म्हणजे सगळा जिल्हा शोधला जातो असं नाही. सातारा जिल्ह्यात शोधत असाल तर साताऱ्याचं संकुल वेगळं, कराडचं वेगळं, वाईचं वेगळं. जिथे जिथे तुमचा व्यवहार झाला, बँक खातं होतं किंवा पोलीस ठाणं लागू होतं, ते प्रत्येक संकुल स्वतंत्र तपासायला हवं. मुंबईत तर एस्प्लनेड, गिरगाव, दादर, बांद्रा, अंधेरी, कुर्ला अशी दंडाधिकारी न्यायालयं शहरभर विखुरलेली आहेत.

नावानं शोधताना नोंद बहुतेक इंग्रजी अक्षरांत केलेली असते, आणि ती करणाऱ्याला जसं सुचलं तसं. त्यामुळे एकाच नावाची चार स्पेलिंगं टाकून पाहा. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा नुसतं आडनाव किंवा नुसतं पहिलं नाव टाकलं की जास्त सापडतं. वर्ष विचारतात ते केस नोंदल्याचं, चेक दिल्याचं किंवा भांडणाचं नव्हे. दोन-तीन वर्षं मागेपुढे करून पाहा. पोलिसांनी गुन्हा नोंदवलेला असेल तर पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक आणि वर्ष टाकूनही शोधता येतं.

केस उघडली की आधी पुढची तारीख आणि न्यायालय क्रमांक लिहून घ्या. मग 'स्टेज' ची ओळ बघा. तिथे 'एन.बी.डब्ल्यू. अनरेडी' किंवा 'बी.डब्ल्यू. अनरेडी' असं काही दिसलं, तर वॉरंट आहे असं समजून चाला. पण तेवढ्यावर थांबू नका. खाली आतापर्यंतच्या तारखांची यादी असते. एकेका तारखेवर दाबलं की त्या दिवशी काय झालं ते उघडतं: 'आरोपी गैरहजर, एनबीडब्ल्यू काढा' अशा धर्तीची ओळ, मराठीत किंवा इंग्रजीत. शेवटून पहिल्या तारखेपर्यंत उलटं वाचत जा. आपण पहिल्यांदा कधी गैरहजर होतो, समन्स बजावल्याचा उल्लेख आहे का, मध्ये बीडब्ल्यू निघालं होतं का, हे सगळं एका कागदावर उतरवून ठेवा. वकिलाकडे जाताना हा कागद सोबत असला की त्याचा अर्धा दिवस वाचतो.

ई-कोर्ट्सवर नाव सापडलं नाही म्हणजे वॉरंट नाहीच, असं मात्र मानू नका. काही प्रकारच्या प्रकरणांत पक्षकारांची नावं झाकलेली असतात. जुन्या नोंदी अर्धवट असतात. आरोपी वर्षानुवर्षं सापडत नसेल तर प्रकरण 'डॉरमंट' म्हणजे सुप्त फाइलला टाकतात. ते बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या कामाच्या यादीत, येत नाही, पण वॉरंट तसंच उभं असतं.

म्हणून दुसरी जागा, प्रत्यक्ष कोर्ट. यासाठी तुम्ही स्वतः जायची गरज नाही. वकील किंवा त्यांचा कारकून त्या कोर्टाच्या बेंच क्लार्ककडे, म्हणजे न्यायाधीशांच्या फाइली सांभाळणाऱ्या कारकुनाकडे, चौकशी करतो, फाइल पाहण्याचा अर्ज देतो आणि रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टातली नोंद, वाचून घेतो. रोजनामा हाच खरा दस्तऐवज, ऑनलाइन दिसतो तो त्याचा सारांश. वॉरंट कधी काढलं, कुठल्या ठाण्याकडे पाठवलं, बजावणी न होता परत आलं का, हे तिथे कळतं.

तिसरी जागा पोलीस ठाणं. समन्स-वॉरंटचं काम पाहणारे अंमलदार असतात आणि त्यांच्याकडे नोंदवही असते. पण अजामीनपात्र वॉरंट असण्याची शक्यता असेल तर तिथे विचारायला स्वतः जाऊ नका. वॉरंट हातात असताना समोर आलेल्या माणसाला ताब्यात घेणं हे त्यांचं कामच आहे. त्यात त्यांचा दोष नाही. आधी कोर्टाकडून माहिती काढा आणि कोर्टातच हजर व्हा.

फोनवर आलेलं वॉरंट

व्हॉट्सॲपवर वॉरंटचा फोटो येतो. अशोकस्तंभ, शिक्का, सही, सगळं असतं. पाठोपाठ गणवेशातल्या माणसाचा व्हिडिओ कॉल. 'डिजिटल अरेस्ट' सांगून अनेकांची आयुष्यभराची पुंजी लुटली गेली आहे, त्यात शिकलेली माणसं आणि निवृत्त अधिकारीही आहेत. नव्या कायद्यात समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं बजावता येतं, हे खरं. पण व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही, आणि कुठलंही वॉरंट फोनवरून पैसे भरून रद्द होत नाही. असा फोन आला तर ठेवून द्या, त्या कागदावरचा केस क्रमांक आणि कोर्टाचं नाव ई-कोर्ट्सवर टाकून बघा, आणि पैसे गेलेच असतील तर एक तासही न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

अर्जाची तयारी

वॉरंट आहे हे नक्की झालं की पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. केस बोर्डावर नसली तरी ती त्या दिवशी घेण्याचा अर्ज करून रद्द करण्याचा अर्ज देता येतो. लोक म्हणतात, "तारीख तीन आठवड्यांनी आहे, तेव्हाच जाऊ." त्या तीन आठवड्यांत पोलीस आले तर तुम्ही स्वतःहून हजर झालेला माणूस राहत नाही, पकडून आणलेला माणूस ठरता. न्यायाधीशांच्या नजरेत या दोघांत फार फरक असतो, आणि अर्जाचा निकाल बऱ्याचदा त्यावरच ठरतो.

सोबत काय हवं ते सांगतो. वकीलपत्र. आधार कार्ड आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा. गैरहजेरीच्या कारणाचा कागद: दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, बदलीचा आदेश, भाडेकरार, घरातल्या मृत्यूचा दाखला, जे खरं असेल ते. पैसे देऊन आणलेलं आजाराचं प्रमाणपत्र कृपा करून जोडू नका. न्यायाधीश असे कागद रोज पाहतात, आणि एकदा विश्वास उडाला की पुढच्या प्रत्येक तारखेला तो नडतो. "साहेब, तारीख विसरलो, चूक झाली" हे सरळ वाक्य मी चालताना पाहिलं आहे.

जामीनदार सोबत न्या. निदान तयार ठेवा. या केसमध्ये तुम्ही आधी कधीच हजर झाला नसाल, तर वॉरंट रद्द झाल्यावर जामीन द्यावाच लागतो. कधी जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर भागतं, कधी जामीनदार मागतात. जामीनदाराचं आधार कार्ड, फोटो, आणि सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगाराची स्लिप लागते. जामीनदार ऐन वेळी मिळाला नाही तर रोख रक्कम भरून सोडण्याची विनंती करता येते, म्हणून थोडी रोकड जवळ असू द्या. आधी जामिनावर असताना गैरहजर राहिला असाल तर तुमच्या जुन्या जामीनदारालाही नोटीस गेलेली असू शकते. त्याला आधी फोन करा. तुमच्यासाठी त्या माणसानं सही केली आहे, त्याला हे कोर्टाच्या नोटिशीतून कळू नये.

अर्ज मराठीत चालतो. साधारण असा:

> मे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी साहेब, ……… यांचे न्यायालयात
>
> फौजदारी केस क्र. ……… / ………
>
> फिर्यादी: ……… विरुद्ध आरोपी: ………
>
> विषय: आरोपीविरुद्धचे अजामीनपात्र वॉरंट रद्द होणेबाबत अर्ज
>
> अर्जदार आरोपी नम्रतापूर्वक अर्ज सादर करतो ऐसा जे,
>
> १. सदर प्रकरणात दि. ……… रोजी आरोपी गैरहजर राहिल्याने मे. कोर्टाने त्याचेविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट काढण्याचा हुकूम केला आहे.
>
> २. आरोपी सन ……… पासून ……… येथे राहण्यास आहे. समन्स जुन्या पत्त्यावर गेल्याने त्यास तारखेची माहिती मिळाली नाही. त्याची गैरहजेरी हेतुपुरस्सर नव्हती. सध्याच्या पत्त्याचा पुरावा सोबत जोडला आहे.
>
> ३. आरोपी आज स्वतःहून मे. कोर्टापुढे हजर आहे. यापुढे प्रत्येक तारखेस हजर राहण्याची तो हमी देत आहे व मे. कोर्ट ठरवील तो जामीन देण्यास तयार आहे.
>
> सबब, आरोपीविरुद्धचे वॉरंट रद्द करण्यात यावे व तसे संबंधित पोलीस ठाण्यास कळविण्यात यावे, ही विनंती.

शेवटची ओळ, पोलीस ठाण्याला कळवण्याची, घाईत लिहिलेल्या अर्जांत बहुतेक नसते. ती असलीच पाहिजे. का, ते पुढे येतंच आहे. कलमांच्या बाबतीत एक बारीक गोष्ट: नव्या संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाल्या, त्याआधीपासून चालू असलेल्या केसमध्ये वकील जुन्या संहितेची कलमं लिहितात. ती चूक नव्हे.

तुम्ही खरोखरच येऊ शकत नसाल, अंथरुणाला खिळलेले किंवा परदेशात असाल, तर वकिलामार्फत हमीपत्रासह अर्ज करता येतो. सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की बजावणी होण्याआधी अर्ज आला आणि आरोपीनं पुढच्या तारखेला जातीनं हजर राहण्याची हमी दिली, तर प्रत्यक्ष हजेरीचा आग्रह न धरता अजामीनपात्र वॉरंट रद्द करता येतं किंवा त्याचं जामीनपात्र वॉरंटात रूपांतर करता येतं. ती सूट सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांच्या संदर्भात आलेली आहे, म्हणजे चेकची केस तिच्यात बसते. तरीही शक्य असेल तर स्वतः जा. हमीपत्रापेक्षा समोर उभा असलेला माणूस न्यायाधीशांना जास्त पटतो.

कोर्टातला दिवस

काम अकराला सुरू होतं, तुम्ही साडेदहाला पोहोचा. शुक्रवार किंवा सुट्टीच्या आदला दिवस निवडू नका. काही अडलं तर मधले दिवस तसेच जातात. न्यायाधीश रजेवर आहेत का, हे वकिलाला आदल्या संध्याकाळी विचारायला सांगा. रजेवर असतील तर काम इनचार्ज कोर्टाकडे जातं, आणि तिथे अर्ज नेण्याची तयारी ठेवावी लागते.

वकील अर्ज बेंच क्लार्ककडे देतात. पोलिसांची केस असेल तर सरकारी वकिलांचं आणि खासगी फिर्याद असेल तर समोरच्या वकिलांचं म्हणणं घेतलं जातं. याला कोर्टात 'से' घेणं म्हणतात. मग पुकारा होतो. नाव पुकारलं की आरोपीच्या जागी जाऊन उभं राहायचं, मोबाइल बंद. विचारलं तर थोडक्यात खरं कारण सांगायचं. समोरच्या पक्षाबद्दलची तक्रार इथे काढू नका, तिच्यासाठी पुढे साक्षीपुराव्याची वेळ आहे.

बहुतेक वेळा हुकूम होतो तो असा: वॉरंट रद्द, खर्चापोटी अमुक रुपये भरा, अमुक रकमेचा जामीन द्या. खर्च फिर्यादीला किंवा विधी सेवा प्राधिकरणाला द्यायला सांगतात. पावती घ्या. पावतीशिवाय कोणी "वॉरंट काढून टाकतो" म्हणून पैसे मागत असेल, मग तो आवारात कितीही वर्षं वावरणारा असो, त्याला देऊ नका.

वारंवार गैरहजर राहिलेल्यांच्या बाबतीत कोर्ट कडक होतं. जामीनदाराचे कागद तपासेपर्यंत संध्याकाळपर्यंत थांबवून ठेवतात, क्वचित अर्ज फेटाळून कोठडीतही पाठवतात. ही शक्यता मी कुणापासूनच लपवत नाही. म्हणून रोजची औषधं खिशात ठेवा, घरचं एक माणूस सोबत घ्या, नोकरीवर त्या दिवसाची रजा टाका. दंडाधिकाऱ्यांनी अर्ज नाकारला तर वरच्या कोर्टाचा रस्ता असतो, शेवटी उच्च न्यायालयापर्यंत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे.

रद्द झालं, पण ठाण्याला कळलं का?

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. कोर्टात वॉरंट रद्द झालं, तरी त्याचा कागद अजून पोलीस ठाण्याच्या फाइलमध्ये असू शकतो.

मुंबईतल्या एका वकिलांच्या बाबतीत हेच घडलं. ऑगस्ट २००२ मध्ये त्यांच्याविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट निघालं, त्यांनी काही दिवसांतच कोर्टात हजर होऊन ते रद्द करून घेतलं, आणि तरीही १५ ऑगस्टला, कोर्टाला सुट्टी असताना, त्यांना त्याच वॉरंटवर अटक झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. रघुवंश देवानचंद भसीन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०११ च्या निकालात न्यायालयानं नियम घालून दिले: प्रत्येक वॉरंटची कोर्टात आणि ठाण्यात नोंदवही असावी, वॉरंट रद्द झालं की तो हुकूम फाइलवर आणि नोंदवहीत चढवावा, पोलिसांना कळवून वॉरंट बजावणीविना परत मागवावं, आणि रद्द केल्याच्या हुकुमाची प्रत आरोपीलाही द्यावी.

ती प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे. त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या. हुकुमाची सही-शिक्क्याची प्रत मिळाली की तिच्या झेरॉक्स काढा, संबंधित ठाण्यात स्वतः किंवा वकिलामार्फत एक प्रत द्या आणि दुसरीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. वॉरंट गावच्या आणि शहरातल्या अशा दोन ठाण्यांकडे गेलं असेल तर दोन्हीकडे द्या. एक प्रत पाकिटात, एक फोटो मोबाइलमध्ये. आठवड्याभरानं ई-कोर्ट्सवर स्टेज बदलली का बघा. बदलली नसेल तर वकिलाला बेंच क्लार्ककडे पाठवा.

कोर्टात पोहोचण्याआधीच पोलीस आले तर

पळू नका, हुज्जत घालू नका. वॉरंट दाखवा म्हणा. त्यातला मजकूर सांगणं आणि मागितल्यास वॉरंट दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नाव, वडिलांचं नाव, केस क्रमांक तपासा. सारख्या नावाच्या दुसऱ्याच माणसाला नेल्याचे प्रकार घडतात. जामीनपात्र असेल तर जागेवर जामीन देऊन मोकळं होता येतं. अजामीनपात्र असेल तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत कोर्टापुढे न्यावं लागतं. दुसऱ्या जिल्ह्यात पकडलं, तर साधारणपणे जवळच्या दंडाधिकाऱ्यांपुढे नेतात, आणि गुन्हा जामीनपात्र असेल, जसा चेकचा आहे, तर ते तिथेच जामीन घेऊ शकतात. हे वकिलाला तिथल्या तिथे मांडायला सांगा. घरच्यांना कळवण्याचा हक्क आहे. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्यानं दंडाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते.

वकिलाची फी परवडत नसेल म्हणून हे सगळं थांबवून ठेवू नका. तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कार्यालयं कोर्टाच्या आवारातच असतात, मदतीचा क्रमांक १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

थोडी वेगळी प्रकरणं

साक्षीदारावरही वॉरंट निघतं. त्याला भिण्याचं कारण नाही. कोर्टात जा, कारण सांगा, साक्ष देऊन टाका. पोटगीच्या थकबाकीसाठी निघणारं वसुली वॉरंट मात्र नुसत्या हजेरीनं मिटत नाही, पैसे भरावे लागतात. निदान काही भाग भरून बाकीचे हप्ते मागावे लागतात. तिथे हात हलवत जाऊ नका.

परदेशी असलेल्यांचा, किंवा जायच्या तयारीत असलेल्यांचा प्रश्न पासपोर्टचा. पासपोर्ट कायदा, १९६७ प्रमाणे वॉरंट किंवा समन्स निघालेलं असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, असलेला जप्तही करता येतो. वॉरंट रद्द झाल्यावरही केस चालू असते, म्हणून नूतनीकरणासाठी आणि प्रवासासाठी त्या कोर्टाची परवानगी मागणारा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. तिकीट त्यानंतर काढा.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

प्रत्येक तारखेला जाणं शक्य नसतं, हे कोर्टालाही माहीत असतं. त्यासाठी हजेरी माफीचा अर्ज आहे. पण तो त्या दिवशी सकाळी, पुकारा होण्याआधी आणि वकिलामार्फत दिला गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सांगितलेल्या कारणाचा उपयोग नसतो, तोवर वॉरंटचा हुकूम झालेला असतो. म्हातारपण, आजार किंवा दूरचं अंतर असेल तर कायमची हजेरी माफी मागता येते (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २२८), आणि त्याच संहितेच्या कलम ३५५ मध्ये व्हिडिओद्वारे हजेरीही धरली जाते. आपल्या कोर्टात ती सोय चालू आहे का, हे वकिलाला विचारा. घर बदललं की नवा पत्ता कोर्टात लेखी द्या. "वकील बघतील" असं म्हणून वर्षभर फोनही न करणारे अशील आणि तारीख न कळवणारे वकील, दोन्हींच्या फाइली मी हाताळल्या आहेत. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये आपली केस जतन करून ठेवली की पुढची तारीख स्वतःच बघता येते.

पिंपरीच्या त्या गृहस्थांनी पुढच्या दोन तारखा पाळल्या आणि तिसऱ्या तारखेच्या आधी संस्थेशी हप्ते ठरवले. चेकच्या केसमध्ये समेट कायद्यानंच मान्य आहे. रद्द झालेल्या वॉरंटची ठाण्याचा शिक्का असलेली प्रत त्यांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे.